भीतीचा रियाज

माझ्या भीतीचा आकडा एक्काहत्तर आला, तेव्हा मी पेढे वाटले होते. अख्ख्या गल्लीत. समोरच्या चक्कीवाल्यानं विचारलं, "काय नयनाताई, कोण पास झालं?" म्हटलं, "मीच. चाळीस पाहिजे होते, एक्काहत्तर पडले." त्यानं पेढा तोंडात टाकला आणि गिरणीचा पट्टा चढवायला वळला. कराडात मला ओळखणारी माणसं पुढचं विचारत नाहीत.

एक्काहत्तरचा अर्थ एवढाच, की विश्वजित थोरवेचा शिक्षा कमी करण्याचा अर्ज नामंजूर झाला. चौदातली सात वर्षं झाली होती. उरलेली माफ करा म्हणत होता. माझ्या अंगानं सांगितलं, नाही करायची.

माझ्या अंगानं, हे मी उगाच म्हणत नाही. पूर्वी कैद्याला सवलत पाहिजे असली की त्याची माणसं ज्याचं नुकसान झालंय त्याच्या घरी यायची. एक जण पाया पडायचा, दुसरा दम द्यायचा, आणि 'आमची काही हरकत नाही' अशा कागदावर सही घेऊन जायचे. असल्या सह्यांचे ढीग झाल्यावर सरकारला जाग आली आणि दोन हजार अडतीस साली नवा कायदा आला. सही नको, तोंडी जबाब नको. ज्यानं सोसलंय त्याच्या मेंदूला विचारा.

आपल्या मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला खोलवर, बदामाएवढा एक गोळा असतो. धोका ओळखणं हे त्याचं काम. तो तुमच्या विचाराची वाट बघत नाही. साप दिसला की 'हा साप आहे' असं मनात यायच्या आधी तुम्ही उडी मारलेली असते, ती त्याच्यामुळं. हा गोळा चेतला की त्याच्याभोवती अगदी बारीक चुंबकीय लहरी उठतात, आणि आता त्या टिपणारी टोपी निघाली आहे. ती डोक्यावर घालतात, तळहाताला आणि पापणीला चिकटपट्ट्या लावतात आणि शंभर आवाज ऐकवतात. कुकरची शिटी, रिक्षा, परके लोक, आणि मधेच, कधी ते न सांगता, बारा वेळा गुन्हेगाराचा आवाज. त्या बारा वेळी गोळा किती उसळला, पापणी किती झटकन मिटली, घाम किती सुटला, यावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघतो. त्याला भयांक म्हणतात. चाळीसच्या वर असला तर सवलत नाही. कारण सरळ आहे. ज्या माणसाचा नुसता आवाज ऐकून तुमचं अंग थरथरतं, त्याला तुमच्या गावात मोकळा सोडणं म्हणजे तुम्हालाच कोंडून घालणं.

नाटक चालत नाही. पायात टाचणी टोचून घेणारे पकडले गेलेत. आधी रक्त तपासतात, गोळी घेऊन आलेलाही सापडतो.

पेढा एकीनंच खाल्ला नाही. माझी भावजय मीनल. बशी तशीच ओट्यावर ठेवून म्हणाली, "ताई, सात वर्षांनी पण तुम्हाला त्याची एवढी भीती वाटते, यात पेढे वाटण्यासारखं काय आहे?"

म्हटलं, "तो आत राहतोय ना? मग बास झालं."

तिचा नवरा गेला होता. माझा भाऊ. तिला राग यायला पाहिजे होता माझ्याइतका, आणि तो येत नव्हता, हे माझ्या डोक्यात जायचं.

आता झालं काय होतं ते सांगते. मी आणि माझा धाकटा भाऊ संदेश, आम्ही पेट्या दुरुस्त करायचो. पेटी म्हणजे हार्मोनियम. वडिलांचंच दुकान, सोमवार पेठेत, जुन्या इमारतीत तळमजल्याला. सोमवारी दुकान बंद असायचं, पण बंद फक्त गिऱ्हाइकाला. सोमवार हा सूर लावायचा दिवस. बाहेरचं दार लोटायचं, पंखा बंद, फोन बंद, आणि आतल्या खोलीत दोघंच बसायचं. संदेश भाता मारणार, एक सूर धरून ठेवणार. मी डोळे मिटून ऐकणार, आणि पितळी पट्टी कानशीनं केसभर घासून तो सूर जागेवर आणणार. कान माझा चांगला होता. वडील म्हणायचे, पोरीचा कान आहे का तराजू आहे.

इमारत थोरवेनं विकत घेतली होती. त्याला ती पाडायची होती आणि आम्ही हलत नव्हतो, कारण आमची भाडेपावती माझ्या आजोबांच्या नावची होती आणि कायदा आमच्या बाजूनं होता. तो एका सोमवारी दुपारी आला. बरोबर एक माणूस होता. आमच्या पॉलिशचे आणि स्पिरिटचे डबे पुढच्या पडवीत असायचे.

पेटीची पहिली काळी पट्टी दाबून संदेशनं काळी एकचा सूर धरला होता. मी डोळे मिटलेले. त्या वेळी माझे कान पूर्ण उघडे असतात, पडवीत मुंगी चालली तरी ऐकू येईल असे. मला दाराबाहेर आधी एक आवाज आला, "साहेब, आत पेटी वाजतीया."

मग थोरवेचा आवाज आला. "वाजू दे. कडी ओढ."

कडी ओढल्याचा आवाज. मग डबा कलंडल्याचा. आम्ही उठेपर्यंत पुढची खोली पेटली होती. आतल्या खोलीला एक झरोका होता, वर. संदेशनं मला खांद्यावर घेऊन वर ढकललं. मी बाहेर पडले, माझा डावा हात भाजला, त्याची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. त्याला वर ओढायला कुणी नव्हतं.

कोर्टात थोरवे म्हणाला, मागे कचरा पेटवला होता, ठिणगी उडाली असणार. मी एकटाच होतो. दुकान बंद होतं, कडी आधीपासून होती, आत कुणी असेल हे मला कसं कळणार? दुसरा माणूस कधी सापडलाच नाही. साक्षीदार मी एकटी. मी पिंजऱ्यात उभी राहिले, समोर थोरवे बसला होता, आणि वकील म्हणाले, बाई, काय ऐकलंत ते सांगा. माझ्या घशातनं आवाज निघेना. पाणी दिलं, खुर्ची दिली. तीन वेळा प्रयत्न केला आणि तीन वेळा काहीतरी वेगळंच बोलले. एकदा म्हणाले 'वाजू द्या', एकदा म्हणाले 'लाव कडी'. त्याच्या वकिलानं न्यायाधीशांना दाखवून दिलं, बाईंना काही नक्की आठवत नाही. खून सिद्ध झाला नाही. निष्काळजीपणानं आणि बेकायदा कृत्यानं मरण, म्हणून चौदा वर्षं. ते वाक्य मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही. माझ्या एकटीच्या डोक्यात राहिलं.

म्हणून म्हणते, एक्काहत्तरला पेढे वाटले ते काही चुकलं नाही. माझ्या भीतीनं एकदा त्याला वाचवलं होतं. आता तीच त्याला आत ठेवत होती.

वर्षभरानं सरकारी वकील सय्यद यांचा फोन आला. सय्यद वयस्क, बोलणं मोजकं. "नयनाताई, थोरवेनं नामंजुरीविरुद्ध अपील केलंय. कायद्यानं त्याला तो हक्क आहे. कोल्हापूरला प्राधिकरणापुढं सुनावणी होईल, सहा महिन्यांनी."

"मग करू दे की अपील. एक्काहत्तर आहेत माझे."

"अपिलात जुना आकडा चालत नाही. नव्यानं मोजतात. आणि काळ जातो तसा आकडा उतरतो, ताई. कुणाचा दहा वर्षं टिकतो, कुणाचा वर्षात निम्म्यावर येतो. तुमचा किती उतरलाय ते टोपी घातल्यावरच कळणार. तयारी ठेवा मनाची."

तयारी ठेवा म्हणे. मी फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी काही न करता बसले, तर माझंच डोकं माझ्या पाठीमागं त्याला माफ करून टाकणार? संदेशचा काही हिशेबच नाही?

मग मी ठरवलं. मी सुतार घराण्यातली, पेटीवाल्याची मुलगी. आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांत आधी शिकवतात. सूर विसरायचा नसेल तर तो रोज ऐकायचा. वडील मला सकाळी दात घासायच्या आधी काळी एक ऐकवायचे. एक महिना चुकला की कान बोथट होतो, म्हणायचे, आणि बेसूर सुद्धा गोड लागायला लागतं. भीतीचंही तेच असणार. विसरायची नाही ना? मग रोज ऐकायची.

कोर्टातल्या थोरवेच्या जबाबाचं ध्वनिमुद्रण मला हक्कानं मिळत होतं. पावणेचार तास. त्यातली अकरा मिनिटं मी निवडून काढली आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, ऐकायला लागले.

पहिला आठवडा वाईट गेला. दोनदा उलटी झाली. भाजलेल्या हाताला मुंग्या यायच्या. मला बरं वाटायचं, म्हटलं आहे अजून, जिवंत आहे. दुसऱ्या आठवड्यात मी दिवसातून तीनदा ऐकायला लागले.

आणि आमच्या धंद्यातली दुसरी गोष्ट. पेटी एकाच खोलीत तपासून गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आपल्या खोलीत ती सुरेल वाजते आणि त्याच्या हॉलमध्ये बेसूर लागते. म्हणून चार ठिकाणी वाजवून बघायची. मी विचार केला, सुनावणी कोल्हापूरला आहे. माझी भीती स्वयंपाकघरातच राहिली आणि तिथं गेल्यावर आलीच नाही तर? म्हणून मी त्याचा आवाज चार ठिकाणी नाही, चाळीस ठिकाणी ऐकला. कानात यंत्र घालून भाजी मंडईत. प्रीतिसंगमावर, पाण्याकडं तोंड करून. पाटणच्या एसटीत, खिडकीशी. दातांच्या डॉक्टरकडं, खुर्चीत. कोल्हापूरला जाऊन प्राधिकरणाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसूनसुद्धा ऐकला. पहारेकऱ्यानं विचारलं, काय ऐकताय मावशी, भजन? म्हटलं, हो.

ऐकून ऐकून तो माणूस मला पाठ झाला. तो बोलतो पांढरी दोनच्या जरा खाली. वाक्याच्या शेवटी नाकातून बारीक श्वास सोडतो. आणि त्याची एक खोड मला कळली, ती खटल्यात कुणाच्या लक्षात आली नसेल. त्याला चुकीचं बोललेलं सहन होत नाही. वकील विचारतात, "आपण पावणेदोनला तिथं होतात?" तो म्हणतो, "पावणेदोन नाही. एक चाळीस." वकील म्हणतात, "आपल्या पांढऱ्या गाडीतून?" तो म्हणतो, "पांढरी नाही, मोतिया." स्वतःचं नुकसान होत असलं तरी दुरुस्ती करणारच. अकरा मिनिटांत नऊ वेळा केलीय त्यानं. दुरुस्ती करताना आवाज अर्धा सूर खाली उतरतो आणि त्यात एक समाधान असतं. ऐकलं की मला चीड यायची.

चीड मला येत होती. रोज, भरपूर. आणि मी समजत होते की चीड आहे म्हणजे भीती आहे.

मीनलनं चार महिने सोसलं. एका सकाळी मी यंत्र कानात घालायचं विसरले आणि स्वयंपाकघरात थोरवे मोठ्यानं बोलायला लागला. "पांढरी नाही, मोतिया." ती पीठ मळत होती. परात तशीच सोडून, हात पिठाचे, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, या घरात संदेशचा एक फोटो आहे. त्याचा आवाज कुठं आहे?"

"तुझ्या फोनमध्ये आहे की."

"माझ्या फोनमध्ये आहे. तुम्ही कधी ऐकलात? आठ वर्षांत एकदा? आणि ह्याला घरात आणून बसवलात. सकाळी चहाला हा, जेवायला हा. मी ह्या माणसाबरोबर संसार करायचा का आता?"

"तो सुटला तर चालेल तुला?"

"सुटला काय, कुजला काय. मला तो घरात नको."

"मग मी काय करू? हात जोडून सोडून देऊ? तुझा नवरा होता तो, मीनल. लाज वाटायला पाहिजे तुला."

बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले, आणि मागं घेतलं नाही. ती हात धुवायला गेली. दुपारी बॅग भरून विट्याला, माहेरी निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? आधी तुम्ही मागच्या दाराला तीन कड्या लावायच्या. आता महिना झाला, ते दार नुसतं लोटलेलं असतं. मीच लावते उठून."

मी म्हटलं, वेंधळेपणा झाला असेल. ती गेल्यावर पोहे केले आणि थोरवे ऐकत ऐकत खाल्ले. त्यात काही वावगं आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळी टोपी घातली. रक्त तपासलं, स्वच्छ. शंभर आवाज झाले. थोरवेचे बारा मी ओळखले, प्रत्येक वेळी मनात म्हटलं, ये, ये, सहा महिन्यांत पाठ केलाय तुला. बाहेर आले तेव्हा मला खात्री होती. नव्वद तरी पडणार.

प्राधिकरणाची खोली छोटी होती. वर एक बाई बसलेल्या, निवृत्त न्यायाधीश, त्यांना सगळे अध्यक्षा म्हणत होते. भिंतीवर मोठा पडदा होता. खोलीत कुणीही बोललं की यंत्र ते शब्द त्याच्या नावासकट पडद्यावर उमटवायचं, तीच अधिकृत नोंद. काचेपलीकडं थोरवे बसला होता, समोर माइक, शेजारी त्याचा वकील. केस पांढरे झालेत त्याचे.

लिपिकानं वाचायला सुरुवात केली. "अपीलकर्ता विश्वजित थोरवे, वय एकोणपन्नास."

"अठ्ठेचाळीस," काचेपलीकडून आवाज आला. "एकोणपन्नास पुढच्या महिन्यात." पडद्यावर ते उमटलं. वकिलानं त्याच्या बाहीला हात लावला.

मग मोजणी करणाऱ्या डॉक्टर गोंधळेकर उभ्या राहिल्या. तरुण बाई, हातात कागद. "श्रीमती नयना सुतार यांचा आजचा भयांक चौदा."

मला वाटलं एक्क्याण्णव म्हणाल्या. पडद्याकडं बघितलं. चौदा.

मी उठले. "यंत्र बिघडलंय तुमचं."

"ताई, बसा," सय्यद हळूच म्हणाले.

"बसत नाही. मी सहा महिने रोज ऐकलंय त्याला. दिवसातून तीनदा. भीती जाऊ नये म्हणून ऐकलंय. मंडईत ऐकलंय, एसटीत ऐकलंय, ह्या तुमच्या पायऱ्यांवर बसून ऐकलंय. चौदा कसे पडतील?"

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी कागद खाली ठेवला. "किती वेळा ऐकलंत म्हणालात?"

"पाचशेच्या वर."

"आणि ऐकताना तुम्हाला कधी काही इजा झाली?"

"कशी होईल? रेकॉर्डिंग आहे ते."

"म्हणूनच." त्या अगदी मऊ आवाजात बोलत होत्या आणि तेच मला सहन होत नव्हतं. "मेंदूतला तो गोळा नुसता आवाज लक्षात ठेवत नाही. आवाजानंतर काय झालं ते लक्षात ठेवतो. पहिल्यांदा त्या आवाजानंतर आग आली. नंतर पाचशे वेळा त्या आवाजानंतर काहीच आलं नाही. चहा आला, भाजी आली, एसटीचा थांबा आला. मेंदू जुनी आठवण पुसत नाही, पण तिच्यावर नवी चढवतो, की हा आवाज निरुपद्रवी आहे. आम्ही भीतीनं ग्रासलेल्या लोकांना हाच उपचार सांगतो. ते आठवडाभर करतात आणि सोडतात, कारण सुरुवातीला फार त्रास होतो. आणि एकाच खोलीत केला तर दुसरीकडं भीती परत येते, म्हणून वेगवेगळ्या जागी करायला सांगतो. तेही कुणी करत नाही. तुम्ही सगळं केलंत, ताई. इतका पूर्ण उपचार मी आजवर पाहिला नाही."

खाली बसले. मला तिथल्या तिथं माझं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. संदेशनं मला खांद्यावर घेऊन वर ढकललं, आणि मी काय केलं? त्याच्या मारेकऱ्याला सोडवायला स्वतःच्या हातानं किल्ली घासली, रोज तीन वेळा, केसभर केसभर. मीनलला घराबाहेर घालवून.

काचेपलीकडं थोरवेचा वकील हसत नव्हता, पण कागद आवरायला लागला होता.

अध्यक्षा म्हणाल्या, "भयांक मर्यादेच्या बऱ्याच खाली आहे. तुरुंगातली वर्तणूकही समाधानकारक आहे. निर्णय सांगण्याआधी पीडित पक्षाला पाच मिनिटं निवेदनाचा हक्क आहे. श्रीमती सुतार, बोलायचंय का?"

सय्यदांनी मान हलवली, राहू दे अशी. लोक या पाच मिनिटांत रडतात, त्यानं काही बदलत नाही.

मी उठले. माइकपाशी गेले. तिथून थोरवे आठ फुटांवर होता. मागच्या वेळी याच माणसासमोर माझ्या घशातनं शब्द निघाला नव्हता. आज मी त्याच्याकडं बघितलं आणि हात बघितले, थरथरतायत का म्हणून. नाही. तोंडाला कोरड नाही. छातीत धडधड नाही. राग तेवढाच होता, आठ वर्षांचा, सगळाच्या सगळा, फक्त त्याच्यावर बसलेली भीती उठून गेली होती. टोपी राग मोजत नाही.

तेव्हा मला कळलं की माझ्या हातात काय आहे.

"मी त्या दिवशी काय ऐकलं ते सांगायचं राहिलंय," मी म्हटलं. "कोर्टात जमलं नाही. आज सांगते. आम्ही आत सूर लावत होतो. काळी एक. बाहेर एक माणूस म्हणाला, साहेब, आत पेटी वाजतीया."

पडद्यावर शब्द उमटत होते.

"त्यावर हे म्हणाले." मी दम घेतला, आवाज पांढरी दोनच्या जरा खाली आणला, आणि त्याच्याच संथपणानं, त्याच्याच जागी श्वास सोडत बोलले. "वाजू दे. कुलूप घाल."

खोलीत कुणीतरी खुर्ची हलवली. पहिल्यांदाच थोरवेनं माझ्याकडं नीट बघितलं. त्याचाच आवाज होता तो, माझ्या तोंडून. पांढरं पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं.

"हरकत," त्याचा वकील म्हणाला. "खटल्यात हे सिद्ध झालेलं नाही."

"निवेदन आहे, बोलू द्या," अध्यक्षा म्हणाल्या.

"कुलूप घाल, असं म्हणाले," मी अध्यक्षांना सांगितलं. थोरवेच्या ओठांचा कोपरा हलला. "मला पक्कं आठवतंय. खिशातनं कुलूप काढून दिलं त्या माणसाला. पितळी कुलूप."

वकिलानं त्याची बाही घट्ट धरली. मी थोरवेकडं पाहिलंच नाही. लिपिकाकडं वळले. "लिहून घ्या साहेब, नीट लिहा. याच्या तोंडचं वाक्य आहे. वाजू दे, कुलूप घाल. कुलूप."

"कुलूप कुठून आलं?" काचेपलीकडून आवाज आला. अर्धा सूर खाली. "कडी ओढ म्हणालो मी."

ते समाधान मी पाचशे वेळा ऐकलं होतं. या वेळी ते अर्ध्यावर तुटलं. त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. पडद्यावर त्याचं नाव आलं, त्याच्यापुढं वाक्य आलं, आणि ते तिथंच राहिलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पडदा पुन्हा वाचला. थोरवे काहीतरी बोलायला लागला, असं नाही, त्या संदर्भात नाही, मी फक्त. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गप्प झाला. मी वाट बघत होते की आता तो नाकातून श्वास सोडेल. सोडला नाही. धरून बसला होता. आता त्याला टोपी घातली असती तर किती आकडा आला असता, हे बघायला मला फार आवडलं असतं.

मी त्याला म्हटलं, "बरोबर. कडी. आता दुरुस्त झालं."

अपील फेटाळलं गेलं. नोंद पोलिसांकडं गेली. सय्यद म्हणतात, खुनाचं कलम लागायला उच्च न्यायालयात जावं लागेल, वेळ लागेल, पण आता 'मला माहीत नव्हतं' हे त्याला पुन्हा म्हणता येणार नाही. वेळ लागू दे. माझ्याकडं आहे वेळ, आणि त्याच्याकडं आता भरपूर आहे.

बाहेर पडायला वळले तर मीनल खोलीतच शेवटच्या बाकावर बसलेली. विट्याहून पहाटेच्या गाडीनं आली होती, मला न सांगता. तिचे डोळे सुजले होते. आम्ही दोघी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. त्याच पायऱ्या.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला लाज काढून बोलले. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या आवाजात बोललात ना, तेव्हा मला वाटलं, तुमच्यातनं हा आता कधी निघणारच नाही."

"निघेल. घरातनं तर आजच काढते."

तिनं पर्समधून फोन काढला, एक बटण दाबलं आणि माझ्या कानाला लावला. संदेश. कुठलीतरी पेटी तपासत होता, मागं भाता फुसफुसत होता. म्हणत होता, "ताईला विचार, हा निषाद उतरलाय का?" उतरला होता. आठ वर्षांनी ऐकूनही मला कळलं. मी तिथं पायऱ्यांवर मोठ्यानं रडले, आणि तो पहारेकरी लांब जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर ती अकरा मिनिटं पुसून टाकली. मागच्या दाराला कडी लावत नाही. भीती गेली ती गेली, आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून झोप चांगली लागते. मीनल सकाळी चहा करते तेव्हा कधी कधी संदेशला लावते. मी तिला सांगितलंय, रोज नको लावू. पाच-सहा महिन्यांनी एकदा. सणासुदीला.

प्राधिकरणानं सुनावणीच्या ध्वनिमुद्रणाची प्रत पाठवली आहे. शिक्का मारलेलं पाकीट आहे, कपाटात, संदेशच्या कानशींच्या डब्याखाली. त्यात ते वाक्य आहे, त्याच्या तोंडचं, कडी ओढ म्हणालो मी. मी ते एकदाही ऐकलेलं नाही. सारखं ऐकलं की काय होतं ते मला आता माहीत आहे, आणि हे मला झिजवायचं नाही. ज्या दिवशी त्याला खुनाची शिक्षा सुनावतील त्या दिवशी पाकीट फोडेन.